नेपाळ: आई-बाबा अन् मावशीला घेऊन जायलोत, काय काय सांभाळावं?

गोदाकाठ (परभणी)

राम राम मंडळी. दिवाळी झाली की घरच्यांना घेऊन नेपाळला जायचं ठरायलंय. बाबा ७२, आई ६६, मावशी ६१, शिवाय मी आणि बायको. पशुपतिनाथ तर करायचंच, पण आईनं मुक्तिनाथाचा ध्यास घेतलाय. जमलं तर पोखरा आणि लुंबिनी.

घरात दोन पक्ष पडलेत. बाबा म्हणतात, इथून यात्रा कंपनीची बस निघती, काशी-अयोध्या करून नेपाळ दाखवून आणती, सोबत आचारी असतो, त्यातच जाऊ. मला वाटतं, इतकं बसमध्ये बसल्यावर गुडघ्यांचं काय होईल? भाऊ वेगळंच सांगतो, "नेपाळ काय परदेश आहे का? उठायचं अन् जायचं." पासपोर्ट घरात फक्त माझ्याकडं आहे. बाबांना बीपीची गोळी चालू आहे. मावशीचं मतदान कार्ड जुनं, काळं-पांढरं. त्यावरचा फोटो तिचा आहे हे फक्त तिलाच पटतं. कागदपत्रं, पैसे, रस्ता, तब्येत, ज्याला जे माहीत असेल ते सांगा.

शेंगदाणा

पहिला प्रश्न राहिलाच की. शेंगाची चटणी किती किलो नेणार?

गोदाकाठ

आईनं दळायला टाकली पण.

तहसील_कट्टा (हिंगोली)

कागदपत्रांचं आधी घ्या, कारण बाकी सगळं पैशानं निस्तरतं, हे नाही निस्तरत.

भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, म्हणून ओळखपत्रही लागत नाही असा लोकांचा समज होतो. विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड, तेही मूळ. झेरॉक्स नाही, मोबाईलमधला फोटो नाही. आधार कार्ड १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांनाच चालतं, तशी मुभा केंद्रानं २०१९ मध्ये दिली. म्हणजे तुमच्या घरात गंमत अशी की बाबांना आधार चालेल, आईला चालेल, आणि धाकट्या मावशीला नाही चालणार. काउंटरवर नेमकं असंच माणूस अडकतं. सगळ्यांनी आधार काढलेलं असतं, म्हातारी माणसं पुढं निघून जातात आणि मधल्या वयाचा एकजण मागं राहतो.

मावशीचं कार्ड बदलून घ्या. फॉर्म ८ भरायचा, ऑनलाइन होतो. नाव-फोटोची दुरुस्ती आणि नवीन कार्ड दोन्हीला तोच फॉर्म. बीएलओच्या मागं लागावं लागेल, तेव्हा आजच भरा. तिकीट काढताना मतदान कार्डावर जसं नाव आहे, अक्षर न् अक्षर तसंच टाका. आधारवर "सुमनबाई" अन् कार्डावर "सुमन" असलं तर कार्डावरचंच.

उनाड_पोरगं (संभाजीनगर)

एवढं घाबरवता कशाला? आम्ही दोस्त लोक सीमेवरच्या सोनौलीहून चालत गेलो, कुणी हटकलंसुद्धा नाही. यूपीआय चालतं, हिंदी सगळ्यांना येतं, आपलाच प्लग बसतो, दाळ-भात मिळतो. गोदाकाठ, तुमचा भाऊ बरोबर म्हणतो. परदेश नावालाच.

तहसील_कट्टा (हिंगोली)

हटकलं नाही, कारण तुम्ही दोस्त लोक होतात. उद्या पाय मोडून दवाखान्यात गेलात, मोबाईल हरवून पोलिसात गेलात, की मग परदेश नावालाच आहे का ते कळतं. हॉटेलवालासुद्धा ओळखपत्र मागतो.

मनमाड_लाईन (नांदेड)

रस्त्याचं सांगतो. रेल्वेत नोकरी केलेला माणूस आहे, दोन पर्याय देतो.

एक, सचखंड एक्सप्रेस. नांदेडहून सुटते, परभणीला थांबते, थेट नवी दिल्ली. दिल्लीत एक मुक्काम करा आणि काठमांडूचं विमान धरा, पावणेदोन तासांत उतरता. वडीलधाऱ्यांसाठी मी हाच सांगेन. दोन, मनमाडला जाऊन कुशीनगर एक्सप्रेस धरायची, ती गोरखपूरला नेऊन सोडते. गोरखपूरहून सोनौली शंभरेक किलोमीटर, बस-जीप भरपूर. सीमेपलीकडं भैरहवा, तिथून लुंबिनी अगदी जवळ. पण भैरहव्याहून काठमांडू किंवा पोखरा म्हणजे डोंगराचा रस्ता, सबंध दिवस जातो.

लुंबिनी महत्त्वाची असेल तर जाताना विमान आणि येताना भैरहवा-गोरखपूर असं करा, नाहीतर उलटं. दोन्ही बाजूनं गाडीचा रस्ता नको.

बालाघाटकर (बीड)

@गोदाकाठ, यात्रा कंपनीला एकदम नावं ठेवू नका. आमच्या गावचं भजनी मंडळ कंपनीबरोबरच जातं. म्हाताऱ्या माणसांना सोबत पाहिजे असते, ती तुम्ही दोघं नवरा-बायको देऊ शकत नाही. बसमध्ये हरिपाठ होतो, मुक्कामाला पिठलं-भाकरी मिळते, कुणाला चक्कर आली तर चाळीस माणसं धावतात. बाबांना नेमकं तेच पाहिजे असेल.

डोंगरदरा

चाळीस माणसं धावतात, कबूल. पण बस डोंगरात कोण चालवतं, ते आधी विचारा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत बस कोसळली. पोखऱ्याहून काठमांडूकडं निघालेली, आत जळगाव जिल्ह्यातले भाविक. वीसहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी जुलैत दरड येऊन दोन बसगाड्या त्रिशूली नदीत गेल्या. तो रस्ता नदीला चिकटून जातो, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला खाली पाणी.

कंपनी वाईट असं माझं म्हणणं नाही. बुकिंगच्या आधी इतकंच विचारा: डोंगरात दोन ड्रायव्हर असतात का, रात्री गाडी चालवता का, आणि पावसाळ्यात जाता का. जून ते सप्टेंबर तो रस्ता टाळायचा. रात्री तर कधीच नाही, कुणीही कितीही स्वस्तात नेतो म्हणू दे.

बालाघाटकर (बीड)

त्या अपघाताच्या बातम्या बघवत नव्हत्या. रात्रीचा प्रवास नको, हे मान्य. आमचे लोक दिवाळीनंतरच जातात, आता ड्रायव्हरचंही विचारायला सांगतो.

हिंगोलीची_सून

पैशांवर कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते.

नेपाळी रुपयाचा आपल्या रुपयाशी भाव ठरलेला आहे: आपला १ म्हणजे त्यांचे १.६०. १९९३ पासून तोच. आपले १०० दिले की १६० आले पाहिजेत. पोखऱ्यात तलावाकाठी एका शालीच्या दुकानात गेले. भाव विचारला, "अठराशे." मी पर्स उघडली. बाजूला एक तेलगू कुटुंब उभं होतं, त्यातल्या आजीनं दुकानदाराला विचारलं, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे आपला पैसा, एनसी म्हणजे त्यांचा. दुकानदार हसला आणि म्हणाला, "एनसी, माताजी." म्हणजे शाल आपल्या सव्वाअकराशेची. त्या आजी नसत्या तर मी अठराशे आपले मोजले असते, आणि त्यानं घेतले असते की नाही, ते त्याच्या देवाला ठाऊक. तेव्हापासून पाण्याची बाटली घेतानाही आधी आयसी की एनसी ते विचारते.

नोटा १०० च्याच न्या. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळनं आपल्या २००, ५०० आणि २००० च्या नोटांवर बंदी घातली होती. तेव्हापासून मोठ्या नोटांवरून दुकानागणिक वेगळं ऐकायला मिळतं. शंभराला कुणी नाही म्हणत नाही. बँकेतून शंभराची बंडलं आधीच काढून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाहीत.

उनाड_पोरगं (संभाजीनगर)

ताई, यूपीआयच्या जमान्यात बंडलं?

हिंगोलीची_सून

यूपीआय २०२४ पासून चालतं, बरोबर. पण ते 'फोनपे' नावाच्या त्यांच्या नेटवर्कच्या क्यूआरवर. आपल्याकडच्या त्याच नावाच्या ॲपशी त्याचा संबंध नाही. काठमांडू-पोखऱ्यातल्या दुकानांत ठीक आहे. त्यालाही मोबाईलवर इंटरनेट लागतं. मुक्तिनाथाच्या वाटेवर जोमसोमच्या पुढं घोडेवाल्याला काय स्कॅन करणार? घोडा?

शेंगदाणा

घोड्याच्या पाठीवर क्यूआर चिकटवायला हरकत नाही.

दवाखाना_चावडी (अंबाजोगाई)

डॉक्टर आहे, पण धाग्यावर कुणाला गोळ्या लिहून देत नाही. मुक्तिनाथाबद्दल मात्र लिहायलाच पाहिजे, कारण या धाग्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे आणि सगळे शाली-घोड्यांत रमलेत.

पोखरा साधारण ८०० मीटरवर आहे. जोमसोम २,७०० च्या पुढं, मुक्तिनाथ ३,७०० च्याही वर. आपलं कळसूबाई १,६४६. पोखऱ्याहून विमानानं वीसेक मिनिटांत जोमसोम, लगेच जीपनं मुक्तिनाथ, असं केलं तर माणूस एका सकाळीत जवळपास तीन हजार मीटर वर चढतो. तेवढ्या उंचीवर दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन इथल्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास येतो. तरुण, व्यायाम करणाऱ्यालाही त्रास होऊ शकतो. उलट बीपी असलेले आजोबा कधीकधी मजेत वर जाऊन येतात. कुणाला होईल, ते आधी सांगता येत नाही.

खुणा ओळखा: डोकं दुखणं, मळमळ, अन्न नको वाटणं, झोप न लागणं. आपली माणसं हे "पित्त झालंय" म्हणून अंगावर काढतात. त्यात चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, की देवदर्शन राहू द्यायचं आणि खाली उतरायचं. वर थांबून बरं वाटण्याची वाट बघायची नाही. मुक्काम खाली, मार्फा किंवा जोमसोमला करायचा, सकाळी वर जायचं आणि दर्शन घेऊन त्याच दिवशी परत खाली. वर राहायचं नाही.

निघण्याआधी बाबांचा ईसीजी, हिमोग्लोबिन आणि बीपी तुमच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल त्यांनाच विचारा, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. बीपीची गोळी "देवाच्या दारात कशाला" म्हणून सोडू नका. हसू नका, असं करणारे लोक बघितलेत.

मांजराकाठ (लातूर)

डॉक्टरसाहेबांचं वाचून गोदाकाठचे बाबा आता काशीलाच जाणार.

दवाखाना_चावडी (अंबाजोगाई)

काशीला उंची नाही, पण जिलब्या आहेत. बीपीला त्याही वाईट.

भटकी_मास्तरीण (जालना)

मुक्तिनाथला आईला घेऊन गेले होते, म्हणून थोडं लांब लिहिते.

पोखरा-जोमसोम विमान लहान असतं आणि सकाळीच उडतं. दुपारकडं काली गंडकीच्या दरीत असा वारा सुटतो की विमान उडवतच नाहीत. ढग आले तर सकाळीही रद्द. आमचं रद्द झालं. विमानतळावर तीन तास बसून शेवटी जीप केली. ती बेनीमार्गे जाते आणि पाठीचे मणके मोजून देते. तेव्हा मुक्तिनाथाच्या अलीकडं-पलीकडं एक-एक दिवस मोकळा ठेवाच. परतीचं दिल्लीचं विमान जोमसोमहून आल्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नका.

रानीपौवाला जीप थांबते. तिथून देवळापर्यंत चढ आणि पायऱ्या आहेत. आईला घोड्यावर बसवलं, मी चालत. दर पंधरा पावलांना थांबत होते, आणि मागून येणाऱ्या तामिळ आजी मला ओलांडून गेल्या. देवळामागं अर्धगोलात भिंत, त्यात १०८ गोमुखं, प्रत्येकातून बर्फाचं पाणी. लोक वाकून एकामागून एक धारेखालून पळतात आणि पुढं दोन कुंडांत बुडी मारतात. आईनं पातळ खोचलं आणि निघाली. मी म्हटलं, आई, डोक्यावरून घेऊ नको, ओंजळ लाव. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मग काय, मीही मागून. पहिल्या दहा धारांपर्यंत ओरडायला येतं, नंतर आवाजच निघत नाही.

म्हणून सांगते: कोरडे कपडे, लोकरी टोपी, मोजे आणि टॉवेल वेगळ्या पिशवीत वर न्या, जीपमध्ये ठेवू नका. बायकांना कपडे बदलायला आडोसा आहे. बाबांनी अंघोळीचा आग्रह धरला तर ओंजळीवर भागवा.

आणखी एक. ते देऊळ बौद्धांचंही आहे. तिथली सेवा भिक्षुणी करतात. आपल्या मंडळींनी आत जाऊन "ही कोणती देवी" म्हणून मोठ्यानं विचारू नये.

नागसेनवन

मास्तरीणबाई, तो मुद्दा चांगला घेतलात. यावरून लुंबिनीचं.

@गोदाकाठ, लुंबिनी "जमलं तर" मध्ये टाकू नका. मायादेवी मंदिर आणि शेजारी अशोकाचा स्तंभ, तोच स्तंभ ज्यावर बुद्धाच्या जन्माचा उल्लेख कोरलेला आहे. १८९६ मध्ये तो पुन्हा उजेडात आला, १९९७ पासून जागतिक वारसा यादीत. मंदिराच्या आत फोटो काढू देत नाहीत. परिसर प्रचंड आहे, देशोदेशीचे विहार आहेत. म्हाताऱ्या माणसांना चालवत नेऊ नका, ई-रिक्षा करा. उन्हाच्या आधी सकाळी पोचा.

आमच्या घरी काठमांडूचं वेगळं महत्त्व आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेब तिथल्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते आणि बुद्ध व मार्क्स यांच्यावरचं भाषण तिथंच केलं. पुढं महिनाही गेला नाही, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. माझे वडील काठमांडूत उतरल्यावर पहिल्यांदा याच गोष्टीवर बोलले, पशुपतिनाथ नंतर. सीमेपलीकडून येताना कुशीनगरही वाटेवर घेता येतं, गोरखपूरच्या अलीकडं-पलीकडंच आहे.

गोदाकाठ

साहेब, लुंबिनी पक्की. येताना भैरहवामार्गेच येऊ म्हणजे.

मुखवास (उदगीर)

आता जेवणाचं. तुमच्या घरी शाकाहार असेल तर मोमोच्या गाडीवर नुसतं "मोमो द्या" म्हणू नका. तिथं बफ म्हणजे म्हशीच्या मटणाचे मोमो सर्रास असतात, चिकनच्याही आधी तेच पुढ्यात येतात. व्हेज असं स्पष्ट सांगा, शिवाय एकाच भांड्यात वाफवलेले चालतात का, ते आई-मावशीला विचारून घ्या.

थकाली थाळी शोधा. भात, काळी दाळ, भाजी, साग, लोणचं, पापड. भात-दाळ पुन्हा पुन्हा वाढतात आणि पैसे एकदाच. ढिंडो म्हणून एक प्रकार मिळतो, कोदो म्हणजे नाचणीच्या पिठाचा. आमच्या आजीनं खाल्ला आणि म्हणाली, "कोरड्यासासोबत बरा लागला असता." नळाचं पाणी कुणीही पिऊ नका, बाटली किंवा उकळलेलं.

देगलूर_नाका

उदगीरकर, तुम्ही पशुपतिनाथाच्या पुजाऱ्यांशी बोललात का? तिथले मुख्य भट्ट पुजारी परंपरेनं कर्नाटकातले असतात. आमच्या काकांनी रांगेतून कन्नडमध्ये हाक मारली, तर आतल्या एकानं वळून बघितलं. दर्शन लवकर झालं नाही, पण काका वर्षभर तेच सांगतात.

शेंगदाणा

म्हणजे नेपाळला जायचं तर देगलूरमार्गे जा.

डोंगरदरा

काठमांडू-पोखरा रस्त्यावर मनकामना देवीचं देऊळ लागतं, केबल कारनं वर जायचं. तिकीट खिडकीवर बकऱ्यांचं तिकीट लिहिलेलं दिसेल. एकेरीच. परतीचं नसतं.

शेंगदाणा

यावर मी विनोद करणार नाही. बकऱ्यांच्या भावना दुखावतील.

किल्लारीकर

एक विचारू का? आमच्या आईला भूकंपाची फार भीती. ३० सप्टेंबर १९९३ ला आम्ही घराबाहेर झोपलेलो म्हणून वाचलो. तेव्हापासून लिफ्ट हलली तरी ती हात धरते. नेपाळचं नाव काढलं की २०१५ आठवतं. गोदाकाठ, तुमच्या धाग्यात घुसलोय, माफी.

मांजराकाठ (लातूर)

घुसा की, धागा कुणाच्या मालकीचा नाही.

माझ्या सासुरवाडीचं गाव तुमच्याच पट्ट्यातलं. काठमांडूला एप्रिल २०१५ चा भूकंप ७.८ चा झाला, नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. धरहरा मनोरा कोसळला, आता पुन्हा बांधलाय. आईला खोटं सांगू नका की तिथं काही होत नाही. तो पट्टा हलतोच. हॉटेल घेताना खालच्या मजल्याची खोली मागा, जुन्या शहरातल्या दाटीत राहू नका, मोकळ्या आवारातलं घ्या. उशाशी चप्पल आणि बॅटरी ठेवून झोपायची सवय त्यांना असणारच, आमच्या घरात अजून आहे. ती तशीच राहू द्या.

किल्लारीकर

आहे. अजून आहे.

मनमाड_लाईन (नांदेड)

फोनचं सांगतो, कारण यात लोक फसतात. सीमा ओलांडली की आपलं सिम रोमिंगमध्ये जातं. निघण्याआधी कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, निदान एसएमएस येण्यापुरतं, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही आणि कार्ड असून हात हलवत बसावं लागतं. बोलायला आणि इंटरनेटला तिथलं सिम घ्या, एनसेल किंवा नेपाळ टेलिकॉम. ओळखपत्राची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइज फोटो जवळ ठेवा. डोंगरात नेपाळ टेलिकॉम जास्त पकडतं.

घड्याळ १५ मिनिटं पुढं करा. पंधरा मिनिटं म्हणजे काय, असं म्हणणाऱ्यांची विमानं चुकतात. तारखाही बघून घ्या. स्थानिक बिलावर, तिकिटावर विक्रम संवत असतो, आपल्या सनापेक्षा ५६-५७ वर्षं पुढं. शनिवारी तिथं सुट्टी.

पत्रकार_गल्ली (धाराशिव)

आणखी एक धरून चाला. २०२५ च्या सप्टेंबरात काठमांडूत आंदोलन पेटलं, ९ तारखेला विमानतळ बंद झाला आणि बरेच भारतीय पर्यटक हॉटेलांत अडकले. असं रोज होत नाही. पण परतीला एक दिवसाची सैल जागा, औषधं चार दिवस जास्त आणि लैनचौरच्या भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहिलेला, एवढं प्रत्येकाच्या खिशात पाहिजे. मोबाईलमध्ये नाही, कागदावर. पर्यटक पोलिसांचा नंबर ११४४, साधे पोलिस १००, रुग्णवाहिका १०२.

प्रवास विमा काढा. नेपाळला जाताना कुणी काढत नाही, "शेजारीच तर आहे" म्हणून. मुक्तिनाथहून हेलिकॉप्टरनं खाली आणायची वेळ आली तर बिल बघून धडकी भरते. पॉलिसीत किती मीटर उंचीपर्यंत संरक्षण आहे, ती ओळ शोधून वाचा.

उनाड_पोरगं (संभाजीनगर)

चला, मान्य. आई-बाबा सोबत असले तर परदेशच. एकटा असलो तर नाही.

गोदाकाठ

मंडळी, सगळं वाचून काढलं, बायकोनं वहीत उतरवून घेतलं. घरात काल बैठक झाली, निकाल सांगतो.

मावशीचा फॉर्म ८ भरला. सचखंडनं दिल्ली, तिथून विमान. यात्रा कंपनीच्या माणसाला फोन करून डोंगरदऱ्यांनी सांगितलेले तिन्ही प्रश्न विचारले. पहिल्याचं उत्तर आलं, दुसऱ्याला "बघू, रस्ता कसा आहे त्यावर" आलं आणि तिसऱ्याला त्यांनी रेट कमी केला. बाबांनी स्वतःच फोन ठेवून दिला. बालाघाटकर, भजनी मंडळाची सोबत मात्र बाबांना खरंच हवी होती. म्हणून त्यांच्या एका मित्राला आणि वहिनींना सोबत घेतलंय. आता आम्ही सात.

मुक्तिनाथाचं गाडं अडलंय. डॉक्टरांनी बाबांना "जाऊ नका" म्हटलं नाही, "विचार करा" म्हटलं. आई म्हणती, मी एकटी जाते, तुम्ही पोखऱ्यात थांबा. बाबा म्हणतात, मग मीही येणार. काय करावं?

दवाखाना_चावडी (अंबाजोगाई)

बाबांनी जोमसोमपर्यंत यावं, तिथं रात्र काढावी. सकाळी डोकं शांत, पोट शांत, चालताना दम नाही, तर जीपनं वर जावं, घोड्यावर बसावं, अर्ध्या तासात खाली यावं. सकाळी जरा जरी डोकं दुखत असलं तर जोमसोमच्या उन्हात बसून चहा. हे आत्ता घरी ठरवून घ्या, तिथं गेल्यावर कुणी ऐकत नसतं.

भटकी_मास्तरीण (जालना)

आणि आईसोबत तुमची बायको जाऊ द्या, तुम्ही बाबांजवळ थांबा. उलटं केलंत तर बाबा नक्की वर चढतील.

हिंगोलीची_सून

मुक्तिनाथ अन्नपूर्णा क्षेत्रात येतं, त्याचं परमिट पोखऱ्यातच काढून घ्या. बाकी परदेशी लोकांना ३००० नेपाळी, आपल्यासारख्या सार्क देशांच्या लोकांना माणशी १०००. म्हणजे आपले सव्वासहाशे. फोटो लागतात, प्रत्येकाचे चार-पाच नेऊन ठेवा.

गोदाकाठ

ठरलं. एक बारीक शंका राहिली: पशुपतिनाथाला चामडं आत नेऊ देत नाहीत म्हणतात. बाबांचा पट्टा चामड्याचा, आणि पट्ट्याशिवाय त्यांची पँट थांबत नाही.

देगलूर_नाका

नेऊ देत नाहीत, पाकीटसुद्धा नाही. बाहेर दुकानात चपला-पट्टे ठेवायची सोय आहे, प्रसादाचं ताट घेतलं की तो दुकानदारच सांभाळतो. आतल्या अंगणात फोटोही नाही.

मांजराकाठ (लातूर)

पँट कशाला? नाडीचा पायजमा घाला म्हणावं. दोन न्या, एक मुक्तिनाथाला भिजंल.